पिवळ्या दिव्याचं म्हणणं

रामदासपेठेची सकाळ मागच्या दारांशी सुरू होते. पुढच्या दारांवर डॉक्टरांच्या पाट्या असतात, भेटीच्या वेळा असतात. मागच्या बाजूला मात्र पहाटे साडेपाचपासूनच धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, पाण्याचे जार, औषधांचे खोके आणि ऑक्सिजनचे सिलिंडर उतरायला लागतात. हे सिलिंडर आणणाऱ्या गाड्यांमध्ये एक पिकअप माझ्या भाच्याची आहे. बुटीबोरीकडून भरलेले सिलिंडर उचलायचे, वर्धा रोडने शहरात यायचं, सेंट्रल बाजार रोडच्या आसपासच्या तीन-चार लहान रुग्णालयांना ते द्यायचे आणि रिकामे घेऊन परत जायचं, हा त्याचा रोजचा फेरा. मोठा सिलिंडर म्हणजे सात घनमीटर वायू. तो रिकामा असला तरी पन्नास किलोच्या वर भरतो. असे वीस चढवले की गाडीत एक टनाहून जास्त लोखंड होतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा तो दिवा तुम्हीही पाहिला असेल. भाच्यानं गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलानं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये यंत्र खुपसलं. पडद्यावर आलं, पी ०१०१. त्याखाली दोन शब्द, ‘एअरफ्लो सेन्सर’. सेन्सर बदलला. दिवा गेला आणि आठ दिवसांनी परत आला. दुसऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा तोच कोड, पुन्हा नवा सेन्सर. ‘पहिला डुप्लिकेट होता,’ असं तिथं सांगितलं गेलं. या वेळी दिवा अकरा दिवस गप्प राहिला.

नुसता दिवा लागला असता तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण आता दिव्याबरोबर गाडीची ताकदही जायला लागली. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी वीस-पंचवीसच्या पुढं सरकेना. एका पहाटे ती अशीच वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर लंगडत राहिली आणि रामदासपेठेत पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. रुग्णालयात राखीव सिलिंडरांची रांग असते, म्हणून निभावलं. पण तिथल्या सिस्टरनं फोनवर भाच्याला जे विचारलं, ते त्यानं मला दोनदा सांगितलं. ‘आणखी किती वेळ?’ इतकंच. पुरवठादारानं बजावलं की पुन्हा असं झालं तर हा फेरा दुसऱ्याला देऊ. गाडीचे हप्ते अजून दोन वर्षांचे बाकी होते.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी काही इंजिनातला माणूस नाही. बी.ए. केलं, कविता लिहिल्या, स्कूटरचा प्लग पुसण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. पण त्याच्या हातात गॅरेजनं छापून दिलेला कागद होता आणि त्यावर इंग्रजी होतं. ‘मामू, तुम्ही वाचून तर पाहा, हे नेमकं काय लिहून राहिलं,’ तो म्हणाला. यंत्राच्या पडद्यावर दोनच शब्द होते, कागदावर मात्र पूर्ण वाक्य होतं. ‘मास ऑर व्हॉल्यूम एअर फ्लो सर्किट, रेंज ऑर परफॉर्मन्स.’ मी ते तीनदा वाचलं. त्यात ‘सेन्सर’ हा शब्द नव्हता. ‘खराब’ हाही नव्हता. हवेच्या मोजमापाचा आकडा अपेक्षित मर्यादेत बसत नाही, एवढंच ते वाक्य सांगत होतं. आकडा का बसत नाही, यावर ते गप्प होतं. माझ्या भाच्याचे चौदा हजार रुपये या दोन वाचनांमधल्या फटीत गेले होते. तेव्हापासून मी या विषयाच्या मागं लागलो.

हा दिवा मुळात आला कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो. त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरकट आकाशात आहे. तिथं लोकांचे डोळे का चुरचुरतात, याचं उत्तर १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानं शोधलं. गंमत म्हणजे तो त्या आधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता. मोटारींच्या धुरातले वायू आणि कडक ऊन यांतून ते धुरकं तयार होतं, हे त्यानं दाखवलं. मग कॅलिफोर्नियानं मोटारींवर बंधनं आणली. पण नवी गाडी स्वच्छ असून भागत नाही, पाच वर्षांनी तिचं काय होतं हे कोण पाहणार? म्हणून गाडीनंच स्वतःवर पाळत ठेवावी आणि बिघाड झाला की दिवा लावावा, असा नियम तिथं १९८८च्या गाड्यांपासून लागू झाला. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचं सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड आले. आपल्याकडे ही पद्धत २०१०पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १ एप्रिल २०२०ला देशभर बीएस-६ लागू झाल्यावर तिची नजर आणखी तीक्ष्ण झाली.

म्हणजे हा दिवा गाडीच्या मालकाच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. आपल्या नळकांड्यातून बाहेर पडणारा धूर मर्यादेबाहेर जाऊ नये, ही त्याची पहिली काळजी. म्हणूनच गाडी सुरळीत चालत असतानाही तो लागू शकतो.

आता कोडचं व्याकरण. पहिलं अक्षर पी असेल तर मामला इंजिन आणि गिअरचा. बी म्हणजे गाडीची बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा खालचा भाग, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांची आपापसातली बोलाचाल. त्यापुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. तिथं एक असेल तर तो बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा असतो. तिसऱ्या जागेवरचा एक म्हणजे इंधन आणि हवेचं मोजमाप. शेवटचे दोन आकडे नेमका मुद्दा सांगतात. या हवामापनाच्या घराण्यात पाच भावंडं आहेत. ०१०० म्हणजे सर्किटमध्ये बिघाड. ०१०२ म्हणजे सिग्नल फारच कमी, ०१०३ म्हणजे फारच जास्त. या दोघांच्या वेळी आधी वायर आणि कनेक्टर पाहावेत. ०१०४ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतो. आणि आमचा ०१०१ यांच्यात सगळ्यात अवघड, कारण त्यात सिग्नल नीट येत असतो. फक्त जे सांगितलं जातंय ते संगणकाला पटत नसतं.

सेन्सरला पाठ्यपुस्तकी मराठीत ‘संवेदक’ म्हणतात. शब्द देखणा आहे. पण गॅरेजमध्ये जाऊन ‘संवेदक द्या’ म्हटलं तर चहा मिळेल, सेन्सर मिळणार नाही. तेव्हा मी सेन्सरच म्हणतो.

हवा मोजायची कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. डिझेल जाळायला हवा लागते आणि ती थोडीथोडकी लागत नाही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा हवी. डिझेल इंजिन तर त्याहून जास्त हवा घेऊनच चालतं. अडीच लीटरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर टर्बोचा जोर धरला नाही तरी ते मिनिटाला अडीच हजार लीटर हवा ओढतं. पण लीटर मोजून भागत नाही. आपल्या नागपुरात जानेवारीच्या पहाटे एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो असतं. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेतली हवा १.०६ किलोच्या आसपास भरते. जागा तेवढीच, पण माल दहा टक्क्यांहून कमी. म्हणून हवेचं वजन कळावं लागतं.

ते कळण्याची युक्ती बशीतल्या चहाची आहे. आपण बशीवर फुंकर घालतो आणि चहा निवतो. जोरात फुंकलं की लवकर निवतो. एअर फिल्टरच्या लगेच पुढं, हवेच्या वाटेत, नखाएवढी एक पातळ पट्टी बसवलेली असते. ती विजेनं तापवतात आणि येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरमच ठेवतात. हवा वाहिली की पट्टी निवते. ती पुन्हा तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली, यावरून किती हवा गेली ते कळतं. त्या पट्टीवर धुळीचा किंवा तेलाचा थर बसला तर हिशोब चुकतो. अशा वेळी ती खास स्प्रेनं साफ करतात. फडक्यानं पुसायला गेलात तर ती कायमची जाते.

आता ‘पटत नाही’ म्हणजे काय, ते पाहू. मंगल कार्यालयाच्या दारावर एक मुलगा पाहुणे मोजायला उभा केलाय. तो म्हणतो, चारशे तीस आले. आत ताटं उठली पाचशे. यजमान त्या मुलावर डाफरतात, त्याला हाकलतात, दुसरा आणतात. दुसऱ्या दिवशी तोही तेच सांगतो. कोणीही मागं जाऊन पाहत नाही की स्वयंपाकघराच्या बाजूचं दार उघडं आहे आणि लोक तिथूनही आत येताहेत.

इंजिनात दारावरचा मुलगा म्हणजे हा हवामापक सेन्सर. ताटांचा हिशोब दुसरीकडून येतो. इंजिनात शिरण्याच्या जागी हवेचा दाब किती, तिचं तापमान किती, इंजिनाचे फेरे किती, यावरून संगणक आत किती हवा असायला हवी ते ताडतो. दोन आकडे जुळेनासे झाले की तो टिपून ठेवतो. साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच तफावत दिसली की दिवा लावतो. शिवाय दाराशी कमी हवा मोजली गेली तर जास्त धूर होऊ नये म्हणून डिझेलही हात आखडून सोडतो. तफावत फार वाढली तर इंजिन सांभाळण्यासाठी ताकदच कापतो. गॅरेजवाले याला लिंप मोड म्हणतात. भाच्याची गाडी पुलावर लंगडली ती याच कारणानं.

हे सगळं कळायला मला पंधरा दिवस लागले. घाट रोडच्या एका बोळातल्या वयस्कर मिस्त्रींना ते माझ्या आधी तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांचं नाव आम्हाला एका ट्रकवाल्यानं सांगितलं. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड. पण टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या शेजारी साबणाच्या पाण्याची बाटली. भाच्यानं सगळी कहाणी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, ‘कोड कोणी मिटवला?’

‘मीच. मोबाईलवरून.’ भाच्यानं मधल्या काळात काही शे रुपयांचं एक छोटं यंत्र आणलं होतं. सॉकेटमध्ये लावायचं, मोबाईलवर बटण दाबायचं की दिवा जातो. रोज सकाळी देवाचं नाव घ्यावं तसा तो ते बटण दाबत होता.

‘म्हणजे चोरी झाली आणि पोलीस यायच्या आधी तुम्ही घर सारवून टाकलं,’ मिस्त्री म्हणाले.

याचा अर्थ त्यांनी नंतर समजावला. कोड नोंदताना संगणक त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो म्हणा ना. इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, वेग किती, पाणी किती तापलेलं. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड मिटवला की हा फोटोही जातो. दिवा घालवण्याच्या घाईत आपण नेमका पुरावा घालवतो. भाच्यानं तो आठ-दहा वेळा घालवला होता. दोन्ही गॅरेजनी सेन्सर बदलल्यावर एकेकदा घालवला, तो वेगळाच.

मिस्त्रींनी त्या दिवशी गाडीला हात लावला नाही. गाडी रिकामी होती आणि उभी होती. उभ्या गाडीत सगळे आकडे ठीकच दिसत होते. ‘माल भरा, नेहमीसारखे जा. दिवा लागला की काही दाबू नका, तसेच इथं या,’ एवढंच सांगितलं. पैसे घेतले नाहीत. भाचा चिडला होता. चौदा हजार घेणाऱ्यांनी निदान काही तरी बदललं होतं, असं तो वाटेत म्हणाला. आपल्याला तपासणीचे पैसे द्यायला जड जातं, वस्तूचे देताना काही वाटत नाही. गॅरेजवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारायला मी तयार नाही.

चौथ्या दिवशी दिवा लागला. रिकामे सिलिंडर गाडीतच होते, तशी गाडी आणली. लॅपटॉपवर फोटो उघडला. इंजिनाचे फेरे दोन हजार तीनशे, भार नव्वद टक्क्यांच्या वर, वेग बेचाळीस, पाणी शहाऐंशी अंश. मिस्त्रींनी विचारलं, ‘तिसऱ्या गिअरमध्ये एवढा जोर लावून कुठं चढता तुम्ही?’

नागपूर तसं सपाट शहर. भाच्याला उत्तर शोधावं लागलं नाही. वर्धा रोडचा दुमजली उड्डाणपूल, वर मेट्रो आणि खाली मोटारी. बुटीबोरीकडून येताना विमानतळाजवळ त्यावर चढायचं आणि अजनी चौकाकडे उतरायचं. भरलेले वीस सिलिंडर घेऊन त्याची चढण. दिवा दर वेळी तिथंच लागत होता आणि ही गोष्ट त्यानं कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती. रामदासपेठेतले जुने डॉक्टर विचारायचे तसा तो प्रश्न होता. दुखतं कधी? जेवणाआधी की नंतर? जिना चढताना की उतरताना?

मग मिस्त्री भाच्याला गाडी चालवायला लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. मी सिलिंडरांच्या किणकिणाटात मागं. गाडीला जोर द्यायला लावून त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले. आत शिरलेल्या हवेचा दाब व्यवस्थित होता, दाराशी मोजलेली हवा मात्र कमी. त्यांचा तर्क असा होता. एअर फिल्टर चोंदला असता तर हवा दोन्हीकडे कमी दिसली असती. इथं आत आहे, दाराशी नाही. म्हणजे ती दुसऱ्या दारानं येते. दुसरी दारं दोन. एक ईजीआर व्हॉल्व्ह, जो जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडतो. काजळीनं तो उघडा अडकला तर आतली जागा धुरानंच भरते आणि ताजी हवा कमी ओढली जाते. पण भारी चढणीवर संगणक तो व्हॉल्व्ह मिटवतो आणि लॅपटॉपवर तो मिटलेला दिसत होता. उरलं दुसरं दार, सेन्सर आणि टर्बो यांच्या मधला रबरी पाइप. त्याला कुठं भेग असेल तर न मोजलेली हवा तिथून शिरणार.

‘आणि सेन्सरच खराब असेल तर?’ मी विचारलं.

‘सर, दोन नवे बदलूनही तेच येऊन राहिलं ना? मग त्याचा निकाल लागला. महाग पडला, पण लागला. सेन्सर बोलून राहिला बिचारा. बोलणाऱ्याले बदलून काय होते?’

पाइप वरून पाहिला तर धड होता. त्याला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. क्लिपा सोडवून तो बाहेर काढला आणि मिस्त्रींनी हातानं वाकवला, तेव्हा खालच्या बाजूच्या एका घडीत बोटाएवढी भेग उघडली. सोडला की मिटली. इंजिन शांत असताना ती मिटलेलीच राहत होती, म्हणून दोन्ही गॅरेजमध्ये कोणाला दिसली नाही. जोर लागला की इंजिन आपल्या जागेवर थोडं कलतं, पाइप ताणला जातो आणि भेग तोंड उघडते. त्याच वेळी टर्बोची ओढही सगळ्यात जास्त असते. भरलेली गाडी, चढण, तिसरा गिअर, सगळं तिथं जुळून यायचं.

माझ्या दृष्टीनं गोष्ट इथं संपली होती. मिस्त्रींच्या दृष्टीनं नाही. त्यांनी पाइपात बोट घालून दाखवलं. भेगेच्या पुढं आतून करड्या धुळीची रेघ होती. ही हवा फिल्टरमधून न येता थेट रस्त्यावरून येत होती. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते, खोदकामं, पूल यांची धूळ किती आहे ते सांगायला नको. टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं. त्या वेगात बारीक धूळही कानशीसारखी काम करते. आधी चाकाच्या पात्या झिजतात, मग तीच धूळ सिलिंडरच्या भिंती घासते. भाचा रोज बटण दाबून दिवा मिटवत होता आणि इंजिन रोज थोडी धूळ खात होतं. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर खर्चाचा आकडा पन्नास हजारांच्या खाली थांबला नसता, असा मिस्त्रींचा अंदाज. सुदैवानं पात्यांच्या कडा अजून शाबूत होत्या.

त्यांनी आणखी एक पाऊल मागं टाकलं. भेग पडली का? रबर जुनं झालं होतं, इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ त्याच पाइपात सोडलेली असते, तिनंही ते मऊ पडलं होतं. पण इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं त्यांपैकी एक दबलं होतं. त्यामुळे इंजिन हवं त्याहून जास्त कलत होतं. फक्त पाइप बदलला असता तर सहा-आठ महिन्यांत नवा पाइपही तिथंच चिरला असता. पाइप, माउंटिंग, क्लिपा आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या थोडं वर बिल झालं. तपासणीचे वेगळे पाचशे त्यांनी लावले. भाच्यानं या वेळी कुरकुर केली नाही.

मला अनेकांनी विचारलं की आम्ही यातून काय करायचं, आम्ही काही मिस्त्री नाही. मी म्हणतो, वाचता तर येतं ना? कोडचा नुसता आकडा किंवा पडद्यावरचे दोन शब्द घेऊन परत येऊ नका. त्याचं पूर्ण वाक्य मागा. त्यासोबतची फ्रीझ फ्रेम मागा, आणि ती मिळेपर्यंत कोड मिटवू देऊ नका. दिवा कधी लागतो ते वहीत लिहा. भरलेली गाडी की रिकामी, सकाळी की दुपारी, पाऊस होता का, चढण होती का. वस्तू बदलण्याआधी काय काय तपासलं, हे विचारायला लाजू नका. सेन्सर कधी खराब होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. होतात. पण आधी कनेक्टर काढून पाहायचा, वायर उंदरानं कुरतडली आहे का, पिना हिरव्या पडल्या आहेत का, पाइप कुठं सैल आहे का. ही फुकटात होणारी कामं आधी.

आणि दिव्यांचा मान राखा. पिवळा दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरून रस्त्यात थांबायचं कारण नसतं, लवकर दाखवली म्हणजे झालं. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करू लागला तर इंजिन ठोके चुकवतंय आणि न जळलेलं पेट्रोल पुढं जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर शुद्ध करणारं महागडं भांडं जाळू शकतं. तेव्हा वेग उतरवून गाडी बाजूला घ्या. तेलाच्या कुपीचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर मात्र विचार करत बसू नका. इंजिन तिथल्या तिथं बंद.

गाडी जोडून झाल्यावर भाच्यानं सवयीनं मोबाईल काढला, दिवा मिटवायला. मिस्त्रींनी हात आडवा केला. ‘राहू द्या. त्याचा त्याले जाऊ द्या.’ संगणक सलग काही फेऱ्या तपासतो. साधारण तीन फेऱ्यांमध्ये तफावत दिसली नाही की स्वतःच दिवा मालवतो. नोंद मात्र आत ठेवतो आणि इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन तापल्यावर तीही पुसून टाकतो. आपण बटण दाबून घालवलेला दिवा काहीच सांगत नाही. स्वतःहून गेलेला दिवा सांगतो की काम झालं.

पाचव्या दिवशी पहाटे सहाला फोन आला. मागं सिलिंडर उतरवल्याचा आवाज येत होता. ‘मामू, पूल भरल्या गाडीनं चढलो. दिवा नाही.’

काढून टाकलेले दोन्ही सेन्सर अजून त्याच्या गाडीच्या खणात आहेत. मिस्त्रींनी ते एकेक लावून तपासले. दोन्ही चांगले आहेत.